इंदुताईनं बांधलेला हात

इंदुताईला भेटायला येणाऱ्यांचा वीट आला होता. जो येई तो काहीतरी करूनच जाई. कुणी तिच्या नवऱ्याच्या, गुणवंतरावांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावी, कुणी चहाचा कप त्यांच्या ओठाला लावी. भातगिरणीत जन्मभर पोती वाहिलेल्या माणसाचं नाक पुसायलाही आता शेजारी हजर. त्यांचा स्वतःचा उजवा हात तेवढा मांडीवर पडून होता.

बीपीची गोळी डोकं दुखलं तरच घ्यायची, असं गुणवंतरावांनी आपलं आपणच ठरवलं होतं. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा कायम. धानाच्या बांधावर तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तेव्हा भावकीनं ‘वारं गेलं’ म्हणत तेल चोळण्यात अर्धा दिवस घालवला. शेवटी इंदुताईनंच भांडून जीप बोलावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूची रक्तवाहिनी तुंबली आहे. लगेच आणलं असतं तर ती मोकळी करायचं औषध देता आलं असतं. आता जे परत येईल ते मेहनतीनं, आणि तेही या पहिल्या महिन्यांतच जास्त.

बोटं थोडी हलत होती. म्हणून तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं, रोज थोडा वेळ चांगला हात बांधा, कामाला लुळाच लावा. इंदुताईनं दुपट्टा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. नाहीतर या माणसाला मरेपर्यंत भरवावं लागणार, आणि आपण आधी गेलो तर कोण भरवणार? गुणवंतराव घास सांडत, तिच्याकडे रागानं पाहत. ती तांदूळ निवडत बसे. उठत नसे.

एक दिवस ब्रह्मपुरीहून त्यांची थोरली बहीण सकूबाई आली. येताना भावासाठी खर्रा घेऊन.

“काऊन व इंदू, माह्या भावाले बांधून ठेवलं? बैल हाय का तो?”

“बैल असता तं बरं झालं असतं, बाई. एवढं समजावा नसतं लागलं. अन् तो खर्रा पिशवीतच राहू द्या.”

“उपाशी मरून राह्यला तो.”

“मरत नाई. जेवून राह्यले. टाइम लागते.”

सकूबाईनं ऐकलं नाही. ताट ओढून वरणभात कालवला, घास भावाच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली. घास तिकडे गेला. “खा बाबू.”

गुणवंतरावांचा उजवा हात मांडीवरून निघाला. वाकडातिकडा, थरथरत, पोतं उचलावं तसा वर आला आणि त्यानं घास ढकलला. भात सकूबाईच्या लुगड्यावर पडला.

“न... नाई,” ते म्हणाले.

“मले मारलं व यानं,” सकूबाई रडू लागली.

इंदुताईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

“एवढा उचलते हात? अन् सकाळपासून मले सांगून राह्यले, उठत नाई म्हणून.” तिनं रिकामी वाटी त्यांच्यापुढे सरकवली. “वेचा आता सांडलेला भात. त्याच हातानं.”