सासऱ्यांची खळ

प्लास्टिकचा थर असलेल्या द्रोणांवर बंदी आली तेव्हा ते बनवणाऱ्या आमच्या शेडमध्ये चार बाया कामाला होत्या आणि धडाचं गिऱ्हाईक एकच होतं, बार्शीचा केटरर. त्याने तोंडावर सांगितलं, "ताई, शनिवारपर्यंत गरम आमटी धरणारा द्रोण दावा, न्हायतर मी दुसरीकडं बघतो." शेड बंद पडली असती तर चौघी परत विड्या वळायला गेल्या असत्या. मी धास्तावले होते, आणि धास्तावले की मी सगळ्यांवर डाफरते.

मक्याचा स्टार्च शिजवून त्याचा थर कागदावर द्यायचा, वरून तांदळाच्या कोंड्याचं मेण, एवढं मी प्रशिक्षणात शिकून आले होते. कागद उन्हात कडकडीत वाळवून गरम साच्यात दाबले की द्रोण झकास दिसत. आमटी ओतली की चुण्यांमधून ठिबकायला लागे. मी थर जाड केला, तर आणखीच ठिबकली.

दुपारी सासरे माझा डबा घेऊन येत आणि तिथेच बसून राहत. माझं माहेर करकंबचं, सासर तेलुगू विणकरांचं. सासऱ्यांचा जन्म सायझिंगमध्ये गेला, म्हणजे मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावण्यात. तो कारखाना बंद पडल्यापासून ते सकाळीच आवरून दारात बसत, आणि हा डबा एवढंच त्यांचं काम उरलं होतं.

गुरुवारी त्यांनी गळका द्रोण उचलला, चुणीवरून अंगठा फिरवला. "खळीत तेल न्हाय की गं."

"मामा, हे सूत नाही, कागद आहे," मी फटकन बोलले.

"कापूस बी झाडाचा, कागद बी झाडाचाच की. नुसती खळ वाळली की काचंवानी हुती, वाकवली की तडकती. आनि इतकं वाळवू नको. वलसर हाय तवरच दाब."

ओल म्हणजे शत्रू, असंच मी धरून चालले होते. पण शनिवार तोंडावर आला होता, म्हणून पळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी शिजत्या स्टार्चमध्ये करडईच्या तेलाची बारीक धार सोडली, थेंब दोन बोटांत धरून ताणून पाहिला. थर दिल्यावर थोड्या थोड्या वेळाने कागद गालाला लावायचे आणि मान हलवायचे. ताण्याची ओल अशीच बघत म्हणे. अखेर म्हणाले, "आता." आम्ही दाबला. चुणीवर तड्याची एक रेघ नव्हती. मी थक्क होऊन त्यांच्या गालाकडे बघत राहिले. माझं सगळं प्रशिक्षण त्या गालापुढे पोरखेळ होतं, आणि हा माणूस इतके महिने माझा डबा वाहत होता!

शनिवारी केटररने उकळती आमटी ओतली आणि द्रोण तळहातावर घेऊन सावकाश भाकरी खाल्ली. जेवण संपल्यावर खालून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. "पाठवा की," तो म्हणाला.

तो गेल्यावर सासऱ्यांनी हात पुसत विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या सुट्टी, मामा. सोमवारी आठला या."

सोमवारी मी पावणेआठला पोचले, तर ते कामावरचा जुना खाकी सदरा घालून कुलपापाशी उभे होते. हातात दोन डबे होते, एक माझा आणि एक त्यांचा.