स्टीलच्या डब्यातला दराबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढं दिवा लावतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगते. मध्येच अडले तर जरा थांबा.

मी बऱ्हाणपूरला शाळेत शिकवते. नुसते डोळे वटारले की अख्खा वर्ग गप्प. घरातही माझंच चालतं. धाकट्या भावाचं, मनोजचं लग्न तुकईथडच्या मुलीशी मीच ठरवलं. त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं — ताई, मला मुली आवडत नाहीत, माझं किशोरवर प्रेम आहे. किशोर म्हणजे आमच्या इतवारा भागातला मिठाईवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मी म्हटलं, चल, काहीतरीच! लग्न झालं की सगळं मार्गी लागतं. लागलं का? पोरानं जेवण सोडलं. मग बोलणं सोडलं. मग एक दिवस म्हणाला, मला जगायचंच नाही.

ठरलेलं लग्न मोडलं. त्याला सहा तासांवरच्या एका मिशन दवाखान्यात भरती केलं. तिथंच का? तर — हेही कबूल करते — मला वाटलं, ख्रिस्ती लोक कडक असतात, पाप-बिप सांगून याला सरळ करतील.

तिथं मनाचे उपचार करणारी एक नन होती. पायात कापडी बूट, गळ्यात क्रूस. सगळे तिला सिस्टर म्हणत. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, याला लग्नाजोगा करून द्या. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाली, "बाई, हा दुःखानं आजारी आहे. प्रेमानं नाही. मी दुःखावर इलाज करते." काय बाई होती हो! रोज तासभर त्याच्याजवळ बसायची, तो बोलला नाही तरी बसायची. माझ्या देवानं तुला चुकून घडवलेलं नाही, असं तिनं त्याला सांगितलं. मी दाराबाहेर बाकावर बसून ऐकलं. माझी मलाच लाज वाटली. पण सुधारले का? कुठलं काय.

तिनं मनोजला विचारलं, कुणाला भेटावंसं वाटतं? तो म्हणाला, किशोरला. सिस्टरनं किशोरला निरोप धाडला. दवाखान्याची रीत अशी, की भेटायला येणारा रविवारी येणार, आणि सोबत राहणाऱ्या नातेवाइकानं त्याला फाटकावरून आत आणायचं. सोबत राहणारी मी.

किशोर आला. पहिल्याच रविवारी आला. "ताई, बस पाच मिनट. लांबूनच बघतो न् जातो." मी म्हटलं, त्यालाच तुझं तोंड बघायचं नाही. आणि आत येऊन सांगितलं — कोणी आलं नाही. मनोजचा फोन माझ्याच पर्समध्ये होता. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी किशोरनं भेटायचं विचारलंच नाही. दराब्याचं खोकं माझ्या हातात दिलं. रवा, तूप, साखर हातानं फेटून फेटून कापसासारखा हलका केलेला. "माझं नाव नका घेऊ. बस, खाऊ घाला त्याला."

मी तो दराबा स्टीलच्या डब्यात काढला. मनोजला म्हटलं, परवा कपडे आणायला घरी गेले ना, तेव्हा तुझ्यासाठी केला.

त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. मग माझ्या गळ्यात पडून रडला. त्या दिवसापासून त्याचं जेवण सुरू झालं. सिस्टरनं माझी पाठ थोपटली, बहीण असावी तर अशी म्हणाली — आणि मी ते घेतलं. निमूट घेतलं.

पुढं कित्येक दिवस ती बिचारी त्याला शिकवत होती, की ज्याची वाट बघितली तो आलाच नाही तरी माणसाला जगता येतं. जखम मी केली होती, मलमपट्टी ती करत होती. आणि पोरानं ते शिकून दाखवलं! घरी आल्यावर बाबांसमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून त्यानं स्वतःबद्दल सांगितलं. माझ्यात एवढी हिंमत नाही. किशोर दुकान बंद करून सुरतेला गेला, असं ऐकते. मनोजनं त्याला फोन केला नाही. जो आलाच नाही, त्याला कशाला करेल?

येईल त्या पाहुण्याला मनोज सांगतो, ताई होती म्हणून मी आहे. मी चहा ठेवायला आत जाते.

दर दिवाळीला तो माझ्याकडं दराबा मागतो. मी हात भरून येईस्तोवर फेटते. तो चाखतो, हसतो. "मस्त झालाय गं. पण त्या दवाखान्यातल्यासारखा नाही."

मी म्हणते, तूप वेगळं असेल.