सोनटक्के बाईंचा ‘कशावरून?’

सर्व लहानथोरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, एके काळी कळमनुरीत लोक फौजदारापेक्षा जास्त धास्ती घ्यायचे ती आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सोनटक्के बाईंच्या एका शब्दाची. तो शब्द म्हणजे ‘कशावरून?’

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि बाईंच्या शेजारी राहायचो. एका लग्नाच्या बैठकीत मुलाचा मामा म्हणाला, “आमचं पोरगं सुपारीचं खांड तोंडात घालत न्हाई.” बाईंनी विचारलं, “कशावरून?” मामा नवरदेवाकडे वळला, तर तो हळूच उठून चूळ भरायला गेला होता.

वर्गात कंपास हरवला की पोरं तांड्यावरच्या पोराकडे बोट दाखवायची. बाई आधी बोट दाखवणाऱ्याचंच दप्तर उघडायला लावायच्या. “विज्ञान म्हणजे काय मंगळावर जाणं न्हाई, सर,” त्या मला सांगायच्या. “कुणावर आळ घ्यायच्या आधी तपासून पाहायचं. बस, तेवढंच.”

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या मालनबाईंनी पाहुण्यांसमोर उडदाचे पापड तळले आणि ते लाल निघाले. लाल पापडाचा अर्थ तेव्हा घरोघरी एकच होता: पाळीतल्या बाईचा हात लागला. मालनबाईंनी नव्या सुनेवर ठपका ठेवला. सुमन पाळी लपवून लाटायला बसली म्हणे. सुमन शपथा घेत होती, नवरा भिंतीकडे बघत होता आणि तिची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. पुसेगावला, माहेरी. कायमची.

“कशावरून?” सोनटक्के बाई दारातूनच म्हणाल्या.

“पापड डोळ्यानं दिसून राहिला, बाई. अजून काय पाह्यजे?”

“पापडखार किती घातला होता?”

“हाताच्या अंदाजानं. माझ्या हाताला नावं ठेवू नका.”

“न्हाई ठेवत. तपासू. तवर सुमन माझ्या घरी राहील.”

सुमनची पाळी आली तेव्हा बाईंनी पिठाचे दोन ढीग केले. एकात मालनबाईंनी आपल्या मुठीच्या अंदाजानं खार घातला, दुसऱ्यात बाईंनी चमच्यानं मोजून. दोन्हींचे पापड सुमननंच लाटले, ऐन पाळीत. मालनबाई पदर सावरून लांब बसून होत्या.

पापड वाळल्यावर मालनबाईंच्याच अंगणात कढई चढली. सगळी गल्ली जमली. मी परीक्षक या नात्यानं, कुणी बोलावलेलं नसताना, कढईजवळची जागा धरली.

पहिला घाणा लाल निघाला.

“पाहा,” मालनबाई म्हणाल्या. “म्हणलं नव्हतं मी?” सुमनचा चेहरा उतरला.

“हा तुमच्या मुठीचा,” म्हणत बाईंनी दुसरा घाणा सोडला. पापड पांढरेशुभ्र फुलले. “हा माझ्या चमच्याचा. हात तेच, दिवस तेच.”

सुमनचा नवरा सोनटक्के बाईंच्या घरी गेला आणि पिशवी घेऊन परत आला. मालनबाईंनी एक पांढरा पापड उचलला, उलटून पाहिला, मोडून पाहिला. आता त्या बाईंवर तुटून पडणार, म्हणून मी कढईजवळची जागा सोडली. त्या मात्र आपल्या घराच्या मागच्या पडवीकडे बघत राहिल्या आणि एकदम बोलून गेल्या,

“मंग मी उमरभर ते चार दिवस थंडीवाऱ्यात त्या पडवीत काहून निजले वो, बाई?”