हात टेकायचे नाहीत

खोपटच्या डेपोत एसटीतून उतरताना पायरी चुकली आणि माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, भीती निघाली नाही. फरशी जरा ओली दिसली की मी भिंत धरायची. आमची आई अशीच एकदा पडली होती. हाड जुळलं, पण तिचं घराबाहेर पडणंच बंद झालं. जिना, बाजार, देऊळ, एकेक सुटत गेलं. आपलं असं होऊ द्यायचं नाही, एवढ्या हट्टापायी मी चाळिशी उलटल्यावर ठाकुर्लीतल्या ज्युदोच्या वर्गात नाव घातलं.

नवरा म्हणाला, "अगं, लोक पडू नये म्हणून जपतात, तू पडायला शिकणार?"

"हो, शिकणार."

वर्गात सगळी शाळकरी पोरं. सर माझ्या भाच्याच्या वयाचे, मला काकू म्हणायचे. ज्याला नीट पडता येत नाही त्याला कुणी पाडायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यासाठी आधी खांद्यावरून कोलांटी. पोरं मजेत गडगडत जायची. मी वाकायची, मॅट जवळ आली की तोच मोडलेला हात आपसूक पुढे जायचा आणि मी कुशीवर धप्प.

"काकू, हात टेकायचे नाहीत हां!" सर ओरडायचे.

मला वाटायचं, धीर देतायत, हार मानू नका म्हणतायत. "नाही टेकणार, सर!" असं ठणकावून मी दुप्पट जोराने तळहात रोवायची. शेवटी एकदा सरांनी कपाळाला हात लावला. "अहो काकू, खरोखरचे हात! हे, हे! मनगट जाईल परत."

अख्खा वर्ग हसला. मीही हसले, पण स्वतःवर भयंकर चिडले. इतके दिवस जिद्दीने मी नेमकं खोपटला केलं तेच करत होते.

"मग हातांचं करू काय?"

"पाठ टेकली की फाडकन आपटा मॅटवर. पडताय तर पडा ना, अडवता कशाला?"

मी वाकले. हात पुढे निघाला तसा तो आत वळवला, हनुवटी छातीला लावली आणि स्वतःला जाऊ दिलं. छत फिरलं, पाठ टेकली, आणि हात असा वाजला की पोरं वळून बघायला लागली. मनगट दुखलं नाही. मला रडू आलं, ते घामाबरोबर पुसून टाकलं. मग पुन्हा गेले, पुन्हा गेले. डावीकडून अजून वाकडीच जात होते.

जोडीला नववीतली एक मुलगी असायची. ती रोज माझी कॉलर धरून नुसती पावलं टाकायची. त्या दिवशी मी सरांकडे पाहिलं, त्यांनी होकारार्थी मान हलवली. तरी ती घुटमळली. "काकू, लागेल तुम्हाला."

मी तिची मूठ माझ्या कॉलरवर घट्ट दाबली.

"पाड," मी म्हटलं.