शांताबाईंचा ताप

मैत्रिणींनो, आज दुपारी शांताबाईंना भेटायला एका सरकारी रुग्णालयात गेले होते. छावणीतल्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या आयाबाई होत्या. कुणाला बरं वाटेनासं झालं की पालथा हात कपाळावर ठेवायच्या. कपाळ गरम लागलं तर मदर वर्गात बोलवत असल्या तरी उठू द्यायच्या नाहीत.

न्यूमोनियासाठी भरती झालेल्या शांताबाई आज खाटेवर चपला घालून बसल्या होत्या. धाप तशीच होती. सून पिशवी भरत होती.

"इतक्या लवकर सुट्टी?" मी नर्सला विचारलं.

"ताई, पेशंट सरासरी किती दिवस राहतो, त्यावर वॉर्डाला गुण मिळतात; दिवस कमी तर गुण जास्त. मागच्या वेळी आम्ही यादीत खाली होतो, लई बोलणी खाल्ली. त्रास वाढला तर परत आणा, नवा पेशंट म्हणून घेऊ."

"एवढ्या लांब गावाकडनं, पिशोरहून परत आणायचं व्हय?" सून म्हणाली. "तिथवर जीव तर राहिला पाहिजे."

शांताबाई माझ्याकडे बघून हसल्या. "लई पाहुणचार झाला, बेबी. दुसऱ्याला जागा नको का?"

मी त्यांच्या कपाळावर पालथा हात ठेवला. चटका बसला.

डॉक्टरांना शोधायला धावले. ते त्या गुणांच्याच बैठकीत होते. परत येईपर्यंत खाटेवर दुसरी बाई झोपली होती.

आता वॉर्डाचे गुण वाढतील. शांताबाई बऱ्या होऊन गेल्या, असंच धरलं जाईल.

पिशोरकडं तुमचं कुणी राहतं का? उद्या शांताबाईंच्या कपाळाला हात लावून मला कळवाल?