आईची टाच घेऊन घणसोली ते वाशी

लोक लडाखवर लिहितात, मी घणसोली गाव ते वाशी या प्रवासावर लिहिणार आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सोबत आईची दुखरी टाच होती, त्यामुळे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, घणसोली गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. आई कारखान्यातल्या पोरांना जेवणाचे डबे करून द्यायची आणि त्या डब्यांवर माझं कॉलेज चालायचं. दिवसभर ओट्यापाशी उभं राहून तिची टाच अशी धरली, की सकाळचं पहिलं पाऊल भिंतीचा आधार घेऊनच पडायचं. "असंच राहिलं तर डबं बंद करावं लागतील," ती म्हणाली. डॉक्टरांनी टाचेखाली घालायला बुटातली गादी सांगितली होती. तयार घ्यायची की मापानं बनवून, हे आमच्यावर सोडलं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, निकाल दिला, "मापाचीच घ्या. तयार कपडा कधी अंगाला नीट बसलाय का?"

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणजे डब्यांनाही. तेव्हाच निघालो. गावातून ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत रिक्षा करा, असा माझा सल्ला आहे. आम्ही चालत गेलो, कारण आईला रिक्षावाल्याचा भाव पटला नाही. पुढे बस मिळाली, ती तुर्भ्याला ट्रकांच्या गर्दीत अडकली. तेवढ्या वेळात शेजारच्या बाईला टाचेची साद्यंत कहाणी सांगून झाली आणि त्या बाईकडून हळदीचा लेपही पदरात पडला. वाशीला उतरून मिसळ खाल्ली. सातारकरांनी सोबत मिरची न्यावी.

मापाच्या गाद्या बनवणाऱ्याचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. टाच दुखणाऱ्यांसाठी दुकान आणि जिना असा उभा. वर पोचेपर्यंत आईनं त्या माणसाच्या अकलेबद्दल बरंच काही सांगितलं. त्यानं मात्र वाकून तिचा पाय हातात घेतला, तशी ती सवयीनं म्हणाली, "औक्षवंत हो."

तो हसला. "मावशी, बूट आणलेत ना? गादी त्यात बसवून बघायला लागते."

"बूट? मी काय पोलिसात हाय व्हय?"

"मग दिवसभर पायाखाली काय असतं?"

"फरशी."

मी छताकडे बघायला लागले. डॉक्टर, अण्णा आणि मी, तिघांनी गादीचा एवढा काथ्याकूट केला होता आणि ती ज्यात घालायची ते बूटच आईकडे नव्हते. चपला उंबऱ्याबाहेर राहायच्या. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच देव्हारा होता.

"मापाचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी तयार रबरी गादी घ्या नि कॅनव्हासचे बूट. घरातच घाला. फरक नाय पडला तर या परत, टेन्शन नाय." त्याच्या मापाच्या गादीत आमचा महिन्याचा किराणा आला असता. खाली उतरून आम्ही तयार गादी आणि शाळेच्या पोरांचे पीटीचे पांढरे बूट घेतले. आईनं दुकानातच चार पावलं टाकून पाहिली आणि घासाघीस न करता पैसे काढले, म्हणजे तिला बरं वाटत होतं.

घरी अण्णांनी बूट पाहिले. "देवाम्होरं पायतान? न्हाई चालायचं."

"कोरं हायत. भाईर न्यायचं न्हाईत."

"तरीबी न्हाई."

आईनं शांतपणे लाटणं त्यांच्या हातात दिलं. "मग उद्यापासनं चपात्या तुमी लाटा. अनवाणी."

मला हसू आवरेना, पण आतून भीतीही वाटत होती. अण्णा लाटणं ओट्यावर ठेवून निघून गेले.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरातून चपात्यांचा वास येत होता आणि आई पांढऱ्या बुटांत उभी होती. ओट्यावरची भिंत रिकामी. बाहेरच्या खोलीत अण्णा स्टुलावर चढून खिळा ठोकत होते.

टाच काही जादूनं बरी झाली नाही. हळूहळू सकाळचं पहिलं पाऊल भिंतीशिवाय पडायला लागलं, मापाच्या गादीसाठी तो जिना पुन्हा चढावा लागला नाही. डबे चालू राहिले आणि माझं कॉलेजही पुरं झालं. मला कुणी तयार की मापाची असं विचारलं, तर मी आधी विचारते, दुखतं तेव्हा पायात काय असतं?

पुढे आम्ही घरं बदलली, पण देव पुन्हा स्वयंपाकघरात गेले नाहीत. पाहुण्यांनी विचारलं की अण्णा सांगतात, बाहेर उजेड बरा मिळतो देवाला.