उन्हात पाहिलेला रंग

सिरसाळ्याच्या बाजारात सोमलिंगअप्पांचं साड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या शालूंवरचे पिवळे झगझगीत दिवे त्यांनी स्वतः पारखून आणलेले. त्या उजेडात साधी साडीही तोरा मिरवते. पण गावच्या बायका कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. पसंत पडलेली साडी आधी बाहेर ओट्यावर नेणार, उन्हात उलटीपालटी करणार, मगच भाव विचारणार.

अशा माणसाच्या घरात मुलाची, अमरनाथची, बायको होऊन पुण्याची शिवानी आली, ती खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घेऊनच. टाकीत बोटाएवढं हिरवंगार जिवंत प्रवाळ आणि वर निळा दिवा. सुनेचं बोलणं मोजकंच, पण टाकीपुढे बसली की पोर खुलायची. अप्पांना मात्र त्या निळ्या दिव्याचा भारी राग. असल्या उजेडात फिका मालही खपतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक!

पंचमीला शिवानी माहेरी गेली आणि अप्पांना सुनेची माया दाटून आली. तिचं प्रवाळ आणखी खुलून दिसावं म्हणून त्यांनी निळा दिवा काढला आणि शालूंवरचे दोन दिवे आणून टाकीवर लावले. पोर परतली तेव्हा प्रवाळ आखडून पांढरंफटक पडलं होतं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसते ते दोन दिवे बंद केले.

"मेलं का गं, पोरी?" अप्पा टाकीवर वाकले.

"अजून नाही, मामा. याच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं, तेच याला पोसतं. एकदम प्रखर उजेड पडला की ते निघून जातं आणि हे उपाशी पडतं." मग मान खाली घालून म्हणाली, "राहू द्या. दिवाळीला टाकी पुण्याला परत पाठवते. इथं नाही जगायचं ते."

टाकीमागोमाग सुनेचा जीवही पुण्याला जाणार, हे अप्पांना लख्ख दिसलं.

"कावून न्हाई जगनार? दिवाळीपतुर थांब. तू सांग, मी करतो."

निळा दिवा पुन्हा लागला, पण मंद आणि उंचावर, दुकानातल्या दोरीनं टांगलेला. शिवानी सांगेल तेव्हा अप्पा दोरी बोटभर सैल सोडायचे. हात कितीही शिवशिवले तरी जास्त नाही. हळूहळू आखडलेलं प्रवाळ उमललं, पण रंग आला तपकिरी. अप्पांचं तोंड उतरलं.

"हा शेवाळाचा रंग, मामा. ते परत आलंय," शिवानी म्हणाली. "हिरवा रंग प्रवाळ स्वतः तयार करतं, निळ्या उजेडात. जरा दम धरा."

अप्पांनी दम धरला. दुपारी जेवायला आले की आधी टाकीपुढे, मग पाटावर.

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या बायडाबाई चकलीचा सोऱ्या मागायला आल्या. टाकीतलं हिरवं बघून थबकल्या.

"लई झ्याक हाय. पन अप्पा, निळ्या दिव्यात काय बी चांगलंच दिसतंय. उन्हात दावा."

हे वाक्य अप्पांनी जन्मभर दुकानात ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली. शिवानीनंच दिवा बंद केला, अप्पांनी क्षणभरापुरती खिडकी उघडली. ऊन टाकीवर पडलं. ती झगमग गेली, पण टोकाटोकांवर हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा रंग होता, अगदी खराखुरा.

"खरा हाय की ओ!" बायडाबाई म्हणाल्या.

अप्पांचे डोळे भरून आले. ते उपरण्यानं पुसत त्यांनी विचारलं, "मग टाकी कवा पाठवायची, पोरी?"

"पाठवायची कशाला?" शिवानी हसली. "दिवाळीला माहेरी जाईन, येताना पुण्याहून अजून एक प्रवाळ आणते. याला सोबत नको का?"

"आन की. पन दोरी मीच सोडनार," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी निळा दिवा पुन्हा लावला.